फ्रँकलिनचं चरित्र आणि रामहरीचा फेटा

अमेरिकेला दोनशे वर्षं झाली त्या साली सात रस्त्याजवळच्या आमच्या वाचनालयात बेंजामिन फ्रँकलिनचं एक जाडजूड चरित्र आलं. माझ्याशिवाय ते कुणी वाचलं नाही, म्हणून त्याचे परिणाम एका घरापुरतेच राहिले.

ते घर शेजारच्या रामहरीचं. त्याची बायको बजाबाई आणि सून विजयमाला यांचं आमटीतल्या मिठावरून फाटलं आणि सून श्रीपूरला माहेरी जाऊन बसली. रामहरी दोनदा आणायला गेला आणि दोनदा चहा पिऊन परत आला. मग त्याचा एकुलता एक पोरगा जोतीराम यानं ट्रंक भरली. सोमवारपर्यंत बायको आली नाही तर आपणच श्रीपूरला घरजावई होणार म्हणाला. रामहरीला जेवण जाईना.

मी त्याला चरित्र वाचून दाखवलं. हा म्हातारा फ्रान्सच्या राजाकडं मदत मागायला गेला, तेव्हा दरबारात झाडून सगळे केसांचे टोप घालून मिरवत होते. हा मात्र टोपाशिवाय, साध्या कपड्यांत उभा. पॅरिस खुळं झालं त्याच्यापायी.

"आणि तू जरीचा फेटा बांधून जातोस," मी म्हणालो.

बोडक्यानं व्याह्याच्या दारात कसं जायचं, असं तो कुरकुरला. राजापुढं चाललं ते साखर कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या कारकुनापुढं चालणार नाही का, असं मी विचारलं. शिवाय तिथं बोलायचं कमी, हेही बजावलं. मोठा मुत्सद्दी मी.

रविवारी आम्ही श्रीपूरला पोचलो, तेव्हा रामहरीनं एसटीतून उतरताच फेटा काढून माझ्या पिशवीत टाकला. विजयमालाचे वडील मानसिंगराव अंगणात बसले होते. त्यांनी रामहरीच्या डोक्याकडं पाहिलं, सावकाश आपला फेटा उतरवला आणि बाजेवर ठेवला. आत बायकांनी एकदम गळा काढला. आमच्याकडं बोडका माणूस दारात उभा राहिला की तो मयताचाच निरोप आणतो, हे त्या चरित्रकाराला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं, पण मी तेव्हा पॅरिसमध्ये होतो.

पिठाच्या हातांनी विजयमाला बाहेर आली. "आत्याबाई?"

रामहरीनं तोंड उघडलं. कमी बोलायचं हे आठवून मिटलं. खरं मी सांगू शकलो असतो. पण जोतीरामची ट्रंक डोळ्यांपुढं आली आणि मी जमिनीकडं पाहिलं.

ती नेसत्या लुगड्यानिशी एसटीत बसली. मोहोळपर्यंत रडली, पुढं सासूचे गुण सांगत राहिली. तीस वर्षं संसार करून रामहरीला त्यातला एकही ठाऊक नव्हता.

बजाबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. नवऱ्याचं बोडकं डोकं बघून दचकली. "कोण गेलं?"

"तुमी, आत्याबाई," विजयमाला म्हणाली आणि मटकन खाली बसली.

बजाबाईनं आधी रामहरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चप्पल शोधू लागलो. तिनं सुनेला विचारलं, "रडलीस व्हय?"

"मोहोळपत्तर."

बजाबाईनं सूप तिच्याकडं सरकवलं. "ऊठ. आमटी तूच टाक."

दुसऱ्या दिवशी मानसिंगराव मयताच्या घरी द्यायच्या पिठलंभाकरीचं गाठोडं घेऊन आले. दार बजाबाईनंच उघडलं. तिनं त्यांना बसवून जेवायला वाढलं, वर सुनेची आमटी वाढली. पाव्हण्यांची मान काही वर होईना.

"मीठ बरूबर हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"बरूबर हाय."

आमटी नुसती खारट होती, मी चाखली होती. बजाबाईनं मुकाट्यानं दोनदा वाढून घेतली. जोतीरामनं ट्रंक रिकामी केली.