पेनल्टीचा मान

कर्जतला कुणी हौसेने उतरत नाही. घाट चढायच्या आधी गाडीला मागून इंजिन जोडतात, तेवढा वेळ लोक नाइलाजाने बसून असतात. अशा गावाचा फुटबॉल क्लब कसला असणार? आमच्या इंजिनशेडचा होता. मी शेडात कारकून, इंग्रजी येतं म्हणून क्लबचा चिटणीसही मीच. मुंबईचा कुठलाही बरा संघ आम्हाला धुवून काढायचा. तरी आम्ही कॉलर ताठ करून फिरायचो, कारण खालापूरकडची गावं आमच्याहूनही टाकाऊ खेळायची.

आमचा कप्तान काल्यू नावाचा गोरा फिटर. तो एस्टोनिया नावाच्या देशाचा. लढाईत रशियाने तो देश गिळला, याचं जहाज मुंबईत अडकून पडलं आणि हा कर्जतला येऊन चिकटला. माणूस खडूसारखा पांढरा, पण गावाने त्याला काळूसाहेब करून टाकलं. आमची विनोदबुद्धी तेवढीच.

शेहेचाळीस साली शेडात इंजिनं पुसणाऱ्या खलाशाची एक जागा रिकामी झाली. फोरमनला फुटबॉलचं वेड. आपल्या संघाला उपयोगी पडेल असा गडी बघ, असं सांगून त्याने निवड काल्यूवर सोपवली. काल्यूने खालापूरकडच्या कुंभिवली गावाला निरोप धाडला, की माघात सामना खेळू आणि आमच्यावर जो गोल करील त्याला ही जागा.

कुंभिवलीत खेळता येणारा माणूस एकच होता, सहदेव. बाकीचे चेंडूमागे कोंबड्यांसारखे धावायचे. सहदेव आणि त्याची विधवा आई बायजा मालोजी पाटलाची जमीन कसायचे. नोकरी लागली तर पाटलाच्या दारात उभं राहणं संपणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. सामन्याच्या सकाळी बायजाने पोराच्या पायांना स्वतः तेल चोळलं होतं म्हणे.

सामना पाटलाच्याच कापलेल्या खाचरात होता. खाचर त्याचं म्हणून कप्तानही तोच. धोतराचा काष्टा खोचून, छत्री उघडून तो मैदानात उभा होता आणि चेंडू जवळ आला की तोंड फिरवत होता. पंच खालापूरचे शाळामास्तर. आमचे दोन गोल झाले. सामना संपत आला तेव्हा सहदेव आमच्या तिघांना चकवून पुढे घुसला आणि आमच्या एका शहाण्याने चेंडू सरळ हाताने अडवला. मास्तरांनी पेनल्टी दिली.

कुंभिवलीने जन्मात पेनल्टी बघितली नव्हती. मास्तरांनी समजावलं, चेंडू मधोमध ठेवायचा, सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि एकाने पुढे होऊन मारायचा. इथेच त्या अकलेच्या कांद्यांचा घोळ झाला. सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि एकाने पुढे व्हायचं, असं जे जे काही त्या गावात आहे ते पाटलाचं. धाकलू नावाचा म्हातारा बांधावरून उतरून थेट मास्तरांपाशी आला.

"मास्तर, यो मान कोनाचा?"

"मान कसला? संघातल्या कुणीही मारावा."

"कोनीबी? होळी कोनीबी पेटवतो का?"

सहदेव चेंडू हातात घेऊन उभा होता. त्याने बांधावर बसलेल्या आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती तरी ओरडेल, मार म्हणून.

"सहदेवा, मागं सर रं," बायजा म्हणाली. "मान पाटलांचा हाय. पाटील इसरनार नायत."

त्याने सदऱ्याने चेंडू पुसला, जागेवर ठेवला आणि मागे सरला. त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं.

पाटलाने छत्री मिटली, वहाणा काढल्या. कुणीतरी नारळ फोडला. मग त्याने चेंडूला पाय लावला आणि चेंडू पाण्यावर निघालेल्या म्हाताऱ्या बैलासारखा निघाला. आमचा गोलकीपर चांगो. त्याचे सासरे पाटलाचंच कूळ. तो अदबीने बाजूला झाला आणि गोल झाला. सामना हरूनही गावाने पाटलाला खांद्यावर घेऊन नाचवलं. एक खांदा सहदेवाचाही होता.

दोन दिवसांनी पाटील शेडात हजर. बरोबर त्याचा भाचा गजा, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि गजाची ट्रंक डोक्यावर घेतलेला सहदेव.

"गोल माझा, तवा जागा माझी," पाटील म्हणाला. "मी काय आता इंजिनं पुसनार नाय. भाच्याला देतो."

गजा सामन्याला आलासुद्धा नव्हता. मी काल्यूला इंग्रजीत सगळं सांगितलं. आता हा तिघांना हाकलणार, असं मला वाटलं. तो स्टुलावर बसला.

"आमचं गाव तीन हजार वस्तीचं," तो म्हणाला. "एक गिरणी, एक चर्च, एक क्लब. सगळ्यात खालच्या वर्गात खेळायचो आणि तिथेही शेवटून पहिले यायचो. पेनल्टी गिरणीमालकाचा मुलगा मारायचा. चेंडू पुसून मी ठेवायचो. इतकं नालायक गाव जगात एकच, असं मी समजत होतो." मग त्याने सहदेवाकडे बोट केलं. "त्याला विचार, जागा हवी का. त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं तर त्याची. पाटलाला मी बघून घेतो."

मी सहदेवाला ते नीट समजावून सांगितलं. "नुसतं हो म्हण," म्हणालो. "दुसरं काही बोलू नकोस."

त्याने पाटलाकडे पाहिलं. पाटील खिडकीबाहेर बघत होता.

"पाटील म्हनतील तसं," सहदेव म्हणाला.

"काय म्हणतो?" काल्यूने विचारलं.

"म्हणतो, मी तुमच्याच गावचा."

काल्यू स्टुलावरून उठला. त्याने सहदेवाच्या डोक्यावरची ट्रंक उतरवली, खाली ठेवली आणि गजाला त्याचं नाव विचारलं.