चारशे सोळा दाणे

“अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.”

अनिसानं ओल्या काडीच्या टोकानं चाळिसावा दाणा ताटलीच्या कडेला सरकवला. उरलेले दाणे कागदाच्या घडीवरून पुन्हा कॅप्सूलच्या नळीत सोडले, टोपण दाबलं आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. सोमवार. चौथ्या आठवड्याचा पहिला दिवस.

दोन वर्षं ती हे उदासीवरचं औषध घेत होती. दोन वर्षांपूर्वी काही घडलं नव्हतं, म्हणूनच ते कुणाला सांगता आलं नव्हतं. एक दिवस ती कामावर, रोपांच्या नर्सरीत, बियांच्या ट्रेसमोर बसली आणि संध्याकाळपर्यंत तिनं एकही खाच भरली नाही. आता ती बरी होती. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी औषध हळूहळू सोडायचं ठरवून दिलं होतं. एकदम थांबवायचं नाही. कॅप्सूल उघडायची आणि आतले बारीक पांढरे दाणे पहिल्या आठवड्यात रोज दहा कमी करायचे, दुसऱ्या आठवड्यात वीस, मग तीस. काढलेले टाकून द्यायचे.

अनिसानं टाकले नव्हते. पुन्हा तसे दिवस आले तर हाताशी असावेत, म्हणून ती ते हिंगाच्या रिकाम्या डबीत साठवत होती. डबी कपाटावर, वहीच्या मागे असे. तीन आठवड्यांचे मिळून चारशे वीस. आकडा वहीत होता.

आजचे चाळीस टाकायला तिनं डबी उघडली. आत चार दाणे होते.

तिनं कपाटावर हात फिरवला. वाकून कपाटाखाली पाहिलं. सांडले असते तर चारशे सोळा दाण्यांतले दोन-चार तरी कुठंतरी दिसले असते. काल ती दिवसभर मोरगावला नणंदेकडे होती. घरात तिघंच राहत: ती, तिचा नवरा इरफान आणि सासू करिमा.

“अनिसा, चहा निवतोय गं,” करिमानं स्वयंपाकघरातून हाक मारली.

चहा नेहमीसारखाच होता. करिमा मात्र समोर बसून तो संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

“अम्मी, कपाटावरची हिंगाची डबी तुमी घेतली हुती का?”

“हिंगाची डबी कपाटावर कशापायी असती?” करिमा म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली.

हे उत्तर नव्हतं.

औषध कमी केलं की काय होतं, ते अनिसाच्या वहीत तारखांसह होतं. दर आठवड्याला तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, ते येई. नजर डावीकडून उजवीकडे नेली की डोक्यात बारीक वीज चमकल्यासारखं होई. पाय जमिनीवर असून हलल्यासारखं वाटे. कुणी साधं “जेवलीस का” विचारलं तरी रडू येई. दोन दिवसांत ते ओसरे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आजार असा वार पाहून येत नाही. कमी केल्यावर येतं आणि आठवड्यात जातं, ते औषध सुटण्याचं. घाबरायचं नाही, लिहून ठेवायचं.

या बुधवारी काहीच आलं नाही.

एखादीला आनंद झाला असता. अनिसानं कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. कारणाशिवाय बदललेला निकाल तिला आवडत नसे. दाणे गेले आणि त्रास थांबला. कुणीतरी रोज चाळीस दाणे परत तिच्याच पोटात घालत असेल तर? चारशे सोळा म्हणजे दहा दिवस पुरतील. आणि तिच्या पोटात जाणारी एकच गोष्ट अशी होती, जी ती स्वतः करत नव्हती. सकाळचा चहा.

दुसऱ्या दिवशी तिनं कप नाकाशी नेला. दाण्यांना हिंगाचा वास लागलेला होता, हे तिला माहीत होतं. चहाला आल्याचा वास येत होता. आल्याखाली हिंगाचा वास दडू शकतो, असं तिला वाटलं. करिमा आत वळली तशी अनिसानं चहा मागल्या दारातल्या गवती चहाच्या कुंडीत ओतला. मान वर केली तर करिमा खिडकीत उभी होती.

त्याच दुपारी नर्सरीत डोक्यातली ती वीज परत आली. पिंपळीच्या नर्सरीतल्या हिरव्या जाळीच्या शेडमध्ये अनिसा लेट्यूसचं बी भरत होती. ते बी लेप दिलेलं असतं, पांढरं आणि गोल, एका खाचेत एक. ट्रेला एकशे चार खाचा. नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेताना डोक्यात चमक उठली आणि तिनं एक खाच सोडली. चहा बंद केला आणि त्रास आला. तिच्या दृष्टीनं पुरावा पूर्ण झाला.

“बाई, झोप झाली न्हाय का?” शेजारच्या निकितानं सोडलेली खाच भरली. “आधीच भिमातात्या आप्पांच्या कानाशी लागलाय. म्हणतोय, पाकिटात हजार बी आणि रोपं नऊशे साठच दिली. चाळीस कुणाच्या घरात उगवली?”

भिमा हा वरकुट्याचा लेट्यूस लावणारा शेतकरी, आणि आप्पा नर्सरीचे मालक. बियांच्या कपाटाची चावी अनिसाकडे असे.

“पाकिटावर उगवण नव्वद टक्के लिहिलीय. नऊशे साठ म्हणजे जास्तच आली.”

“मला कशाला सांगता? मी तर शनवारीच तुमच्या अम्मींनाबी बोलले, भिमातात्या कसा उगाच बोंबलतोय म्हणून. त्या काय बोलल्याच न्हाईत.”

शनिवारी संध्याकाळी इरफान मोटर रिवाइंडिंगचं दुकान लवकर बंद करून आला. हात धुतले, पण तारेच्या वार्निशचा वास राहिला होता.

“अम्मी म्हणती तू चहा ओतून टाकतीस.”

“नको वाटतो.”

“आन् परवा रडत हुतीस. भाजी चिरताना.”

“कांदा हुता.”

“दोडका हुता, अनिसा.” तो हसला नाही. “परत सुरू झालं का तुझं? सोमवारी डॉक्टरकडं जाऊ. अख्खी कॅप्सूल परत चालू करू आन् ते नर्सरीचं बंद. दोन वर्सांमागं मी तुला भिताडाकडं तोंड करून झोपलेली बघितलीय. परत न्हाय बघायची मला.”

“हे ते न्हाय. वहीत लिहिलंय मी, बघा.”

“वहीत तू लिव्हतीस ना? मग?”

आजारी माणसाची नोंद कोण खरी धरणार? करिमाला विचारावं, तर ती म्हणेल, मी सुनेला चहात औषध घालते असं हिला वाटतंय. तेवढ्यावरूनच इरफान सोमवारची वाट न बघता गाडी काढेल. अनिसानं वही परत कपाटावर ठेवली.

रविवारी दुपारी इरफान एका शेतकऱ्याची मोटर बघायला गेला होता. करिमा पाण्याचा हातफवारा घेऊन परसात गेली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी पायरी उतरत नसे. अनिसा तिच्या मागोमाग गेली.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत करिमा खाली बसली होती. समोर चार जुने ट्रे मांडले होते. त्यांच्यावरचं प्लॅस्टिक तिनं बाजूला काढलं होतं आणि ती खाचांतल्या कोकोपीटवर, नारळाच्या भुशावर, अलगद पाणी मारत होती.

चार ट्रे. एकशे चार चोक चारशे सोळा.

अनिसा ट्रेशेजारी उकिडवी बसली. रोज त्याच खाचा भरणाऱ्या बाईला हा भागाकार आठ दिवसांत सुचला नव्हता.

“आलीस?” करिमानं मान वळवली नाही. “बरं झालं. आता तूच सांग. हिंग संपला म्हणून डबी काढली, तर आत बी. लेप दिलेलं, म्हागातलं. कीड लागू नये म्हणून हिंगात ठेवलंस व्हय? चोवीस वर्सं मी त्या नर्सरीत बी भरलं, पोरी. एक बी पदराला चिकटून घरी आलं तर दुसऱ्या दिशी परत न्हेऊन दिलं.”

“अम्मी…”

“इरफानला बोलले न्हाय. म्हटलं, आधी उगवू दे. काय हाय ते कळू दे, मग आप्पांच्या पाया पडून रोपं देऊन टाकू. तर आठ दिस झालं, एक मोड न्हाय. लेट्यूस चौथ्या दिशी वर येतं.” आता ती वळली. “काय हाय हे?”

“बी न्हाय ते. माझं औषध हाय.”

करिमानं फवारा खाली ठेवला.

“कॅप्सूलच्या आत असतंय. रोज थोडं थोडं काढून मी कमी करतेय. टाकवत न्हवतं म्हणून साठवलं.” ती थांबली, आणि मग सगळंच बोलून गेली. “मला वाटलं, तुमी चहात घालताय.”

“चहात?” करिमाचा आवाज चढला. “इख घालीन व्हय मी तुला?”

“इख न्हाय. औषध. मी रडते म्हणून.”

“म्हणून चांगला आल्याचा चहा गवती चहाला पाजत हुतीस!”

अनिसाला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. वहीप्रमाणे आज रडू यायचा दिवस नव्हता. ते तिनं लिहायचं नाही असं ठरवलं.

करिमा ट्रेकडे बघत होती. प्रत्येक खाचेत तिनं एक दाणा ठेवला होता, बरोबर मधोमध, सारख्या खोलीवर. तिचं बोट कडेवरून एक ओळ पार करून गेलं, मग दुसरी.

“हे समदं,” ती म्हणाली, “हे समदं तू खाल्लं न्हाईस?”

“न्हाय.”

“आन् तरी रोज कामावर जात हुतीस.”

अनिसानं डोळे पुसले.

“इरफानला मी बोलते,” करिमा म्हणाली आणि तिच्या खांद्यावर भार देऊन उठली. “तुझ्या वहीत काय लिव्हलंय ते त्यालाच मला वाचून दाखवायला लाव. मला अक्षर येत न्हाय, पर आकडं कळत्यात.”

सोमवारी सकाळी अनिसा ताटली घेऊन बसली. आजपासून पन्नास. डॉक्टरकडं जायचं नाव इरफाननं काढलं नव्हतं. गुरुवारची चमक तिनं वहीत नोंदवली होती: तिसऱ्याऐवजी चौथा दिवस, दुसरं काही नाही. करिमा दोन कप चहा घेऊन आली आणि चष्मा लावून समोर बसली. अनिसानं कप उचलला, आणि प्यायच्या आधी हुंगला. करिमानं ते पाहिलं. अनिसा चहा प्यायली.

“पन्नास,” दाणे सरकवून झाल्यावर ती म्हणाली.

“एकोणपन्नास हायेत.”

अनिसानं पुन्हा मोजले. एकोणपन्नास होते. करिमानं काडी पाण्यात बुडवली आणि आणखी एक दाणा कडेला सरकवला, खाचेत बी ठेवावं तसा, हलक्या हातानं.

बाहेर टाकीच्या सावलीत चार ट्रे तसेच होते. कोकोपीट ओलं होतं. सकाळीच कुणीतरी पाणी मारलं होतं.