चार बोटं उंच गेलेला खिळा

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीही मला पाहिलेलं नाही, आणि पाहायची वेळ कुणावर येऊ नये. मी शालूबाईंच्या पाठीतला एक म्हातारा मणका. बरगड्या जिथे संपतात, तिथे माझा मुक्काम. मला डोळे नाहीत. पाठीवर पडणारा भार, अंगातून झिरपत येणारे आवाज आणि शालूबाईंना जे दिसतं त्याची कुणकुण, एवढ्यावर मी जग ओळखतो. बाकीचा वेळ गुंगीतच जातो म्हणा ना.

माझा जन्म भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातला. शालू धानाच्या बांधावरून धावायची, रोपं लावायला, म्हणजे रोवणीला, वाकायची, आणि मी घट्ट होत गेलो. लग्नानंतर डोक्यावर ट्रंक घेऊन ती भिलाईला आली, ती माझ्याच भरवशावर. नवरा टिकाराम पोलाद कारखान्यात भट्टीच्या अस्तराच्या कामावर होता. जेवताना तो सांगायचा की भट्टीच्या आतल्या विटा झिजतात, मग एक टोळी त्या फोडून काढते आणि मागून दुसरी टोळी नव्या बसवते. मला हसू यायचं. माझ्या पोटात तरी दुसरं काय चाललं होतं? फोडणाऱ्या पेशी जुनं हाड फोडायच्या, बांधणाऱ्या पेशी नवं भरायच्या. जेवढं फुटायचं तेवढं भरलं जायचं.

या दोन्ही टोळ्यांवर एक मुकादमीण होती. अंडाशयातून निघून रक्तातून येणारं संप्रेरक, इस्ट्रोजेन तिचं नाव. ती कधी ओरडायची नाही. नुसती फिरून गेली तरी फोडणाऱ्यांचे हात आवरते व्हायचे. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पहारेकरी पेशीसुद्धा तिच्यापुढे शहाण्यासारख्या वागायच्या. काय दिवस होते ते! अजून अर्धवट झोपेत मला तिची चाहूल लागल्यासारखी वाटते.

त्या दिवसांत दर पौर्णिमेला शालूबाई भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीला हार घालायच्या. टाचा उंचवायच्या, हात वर न्यायच्या, मी सुखानं ताणला जायचो. मग हात जोडून तसबिरीखाली भिंतीला कपाळ टेकायच्या. वर्षानुवर्षं टेकून टेकून तिथे केसांच्या तेलाचा एक डाग पडला. सून सुजाता नवी होती तेव्हा तो पुसायला गेली होती.

"राहू दे व," शालूबाई म्हणाल्या, "तो माहा डाग हाये."

मग एका वर्षी पाळी थांबली. मुकादमिणीच्या फेऱ्या कमी झाल्या, पुढे ती जवळजवळ येईनाशीच झाली. पहारेकऱ्यांना मोकळं रान मिळालं. चोर नाही, दरोडा नाही, तरी त्यांच्या शिट्ट्या सुरू. आणि फोडणारी टोळी अशी अडाणी, की त्या शिट्ट्यांनाच हुकूम समजायची. शिट्टी वाजली की घाल घण! बांधणारे बिचारे मागेच पडले. शालूबाई मात्र टिकारामांच्या डबीतला चिमूटभर चुना पानाला लावून खायच्या आणि म्हणायच्या, हाडाले चांगला राह्यते. अहो, दाराशी विटांचा ढीग पडला म्हणून भिंत आपोआप चढते का?

माझ्या आतल्या भिंती पातळ होत गेल्या. दुखलं म्हणाल तर काहीच नाही, आणि तेच वाईट. मी आणि माझे शेजारी हळूहळू खचत होतो, जरा जरा चपटे होत होतो, आणि शालूबाईंना वाटत होतं की आजकाल साड्याच लांब यायला लागल्या.

अशातच तसबिरीचा खिळा गंजून तुटला आणि तसबीर बरेच महिने उतरूनच राहिली. मुलगा प्रेमानंद चरोद्याच्या रेल्वे यार्डात कामाला होता. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यानं नवा खिळा ठोकला. पुढच्या पौर्णिमेला शालूबाईंनी हार उचलला, टाचा उंचावल्या, आणि हात तसबिरीच्या कडेला पोचेना.

"खिळा वर कावून ठोकला रे?"

"आई, जुन्याच छेदात ठोकला ना. कसम से!"

शालूबाई सुनेकडे वळल्या. "तूच सांगतलं असशीन याले. म्हातारीच्या हातून हार सुटला म्हंजे घर तुह्या हाती आलं, नाही का?"

"आई, मी असं कावून करीन?" सुजातानं विचारलं.

त्या दिवशी हार पाटावरच सुकला, आणि रागावलेल्या शालूबाईंनी तसबिरीसमोर जाणंच सोडलं. त्यानंतर सासू सुनेशी बोलेना. मायलेकींसारख्या राहणाऱ्या दोघी, पण पाणीसुद्धा टिकारामांच्या तोंडून मागितलं जाऊ लागलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. खिळा जागच्या जागी होता, आम्हीच खाली आलो होतो. पण मला तोंड कुठे आहे? न केलेल्या गुन्ह्याचा आळ सून वाहत होती आणि मी मुका. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मे महिना आला. भिलाईचं ऊन म्हणजे दुसरी भट्टीच. एका दुपारी कूलरमधलं पाणी संपलं. सुजाता शेजारच्याच खोलीत होती, पण हाक मारायची तर अबोला मोडतो. शालूबाईंनी स्वतःच भरलेली बादली उचलली आणि मी कट्कन दबलो.

"अव माय व!"

सुजाता धावली. सासूला पाठीमागून कवटाळून तिनं हळूच खाली बसवलं. इतक्या महिन्यांनी तिच्या हाताची ऊब माझ्यापर्यंत आली.

दवाखान्यात माझा फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, "माताजी, हड्डी अंदर से खोखली हो गई है. हाइट भी घट गई है."

"हाडं काय साबन हाये, झिजाले?" शालूबाई पुटपुटल्या. त्यांना काही ते पटलं नाही.

फोडणाऱ्या टोळीला शांत करणारं औषध सुरू झालं. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या, सकाळचं ऊन आणि जमेल तसं चालणं. मी चपटा झालो तो चपटाच राहणार, पण आतले घण मंदावले.

मग पौर्णिमा आली. पाठीला पट्टा बांधून शालूबाई पुन्हा तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. हार घालायचा नादच त्यांनी सोडला होता. त्यांनी नुसतं कपाळ भिंतीला टेकलं. भिंत कोरी लागली. त्यांनी मान वर केली. डाग चार बोटं वर होता. डागाच्या वर तसबीर, तिच्या वर खिळा, तिघांमधलं अंतर पूर्वी होतं तेवढंच.

त्यांनी कपाळापासून डागापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. मग त्यांचा सगळा भार माझ्यावर थरथरला.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "खिळा वर नाही गेला व. मीच खाली आली. तुले उगाच बोलली, माय."

सुजाता आतून हातोडी घेऊन आली आणि स्टुलावर चढली.

"जास्त खाली नको घेऊ," शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी काही एवढी बुटकी नाही झाली! अन् तुही पाळी आता मागंपुढं होऊन राहिली ना? उद्या डॉक्टरले तूबी दाखव. मले कोनी सांगतलं नव्हतं."

मित्रांनो, आम्ही हाडं ओरडत नाही. घरातली आई किंवा आजी म्हणाली की फळी उंच झाली, साडी लांब झाली, तर हसू नका, आणि कुणावर आळही घेऊ देऊ नका. तिला भिंतीशी उभी करा आणि उंची मोजा.

खिळा चार बोटं खाली आला. शालूबाईंनी आपल्या हातानं हार घातला आणि मी दुखऱ्या अंगानं का होईना, पुन्हा एकदा ताणलो. जुना डाग आता तसबिरीच्या आड गेला आहे. खाली, त्यांच्या कपाळाच्या उंचीवर, नवा धरू लागला आहे. सुजाता तो पुसत नाही.