हं म्हणणारी

साखरा गावचा कार्यक्रम रेडिओवर लागणार म्हटल्यावर तिथल्या पोरापोरींचे पाय जमिनीवर ठरेनात. रेडिओ म्हणजे काही मुंबई-दिल्लीचा नव्हे. सेनगावात एका संस्थेनं चालवलेलं छोटंसं केंद्र, आवाज जाणार तो आसपासच्या खेड्यांपुरता. पण दर शनिवारी संध्याकाळी साखऱ्याच्याच पोरांनी केलेला कार्यक्रम लागणार होता आणि तो कसा करायचा हे शिकवायला नांदेडहून पत्रकारितेचे विद्यार्थी यायचे. त्यांचा म्होरक्या अनिरुद्ध. त्याचीच अजून परीक्षा व्हायची होती, पण एसटीतून फाट्यावर उतरला की तो ‘सर’ व्हायचा.

कामं वाटली गेली. रणजीतला बोलायची भारी हौस, म्हणून तो निवेदक. पूजा हळदीचे आणि सोयाबीनचे भाव वाचणार. शिवकन्येच्या हाती रेकॉर्डर आला. का, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

शिवकन्या बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच ठाण मांडून बसायचा. बारावी चांगल्या मार्कांनी झालेली पोरगी, पण दुकानात गेली की मागायचं सोडून बोटानं दाखवायची. घरी तिची आई, पद्माबाई, अर्धा शब्द कानी पडला की उरलेला स्वतःच बोलून टाकायची. मायेपोटीच करायची. शिवकन्येला त्या मायेचा मनस्वी राग यायचा, आणि तो राग बोलून दाखवायचा तर पुन्हा शब्दच लागायचे.

तिला एवढंच हवं होतं, की आपला आवाज एकदा तरी रेडिओवर यावा. गावानं तो ऐकावा आणि ऐकताना कुणी कीव करू नये. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रेकॉर्डर मात्र ती लेकरासारखा जपत होती.

पहिल्या कार्यक्रमात द्वारकाबाईची गोष्ट घ्यायचं ठरलं. द्वारकाबाई म्हणजे गावातली जुनी म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र तरतरीत. ती दिवसा गोष्ट सांगत नसे, कारण दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. तिच्या मामाला जाऊन जमाना झाला होता, पण नियम तो नियम. म्हणून शिवकन्येनं दिवेलागणीला जायचं आणि गोष्ट घेऊन यायची असं ठरलं.

“एक लक्षात ठेव,” परतीची गाडी धरण्याआधी अनिरुद्धनं बजावलं. “समोरचा माणूस बोलत असताना आपण तोंडातून आवाज काढायचा नाही. नुसती मान हलवायची.”

हे काम आपल्याला बरोबर जमेल, असं शिवकन्येला वाटलं.

ओट्यावर बसून तिनं रेकॉर्डर सुरू केला. द्वारकाबाईनं पदर सारखा केला.

“एक व्हता कोल्हा,” असं म्हणून ती थांबली.

शिवकन्येनं मान हलवली.

“एक व्हता कोल्हा,” म्हातारी जरा जोरात म्हणाली आणि पुन्हा थांबली.

शिवकन्येनं पुन्हा मान हलवली. मोतीबिंदूपुढं मान हलवून काय उपयोग, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

“काहून गप हाईस वं? झोपलीस का? हं म्हन, न्हाईतर मी उठते.”

गोष्ट ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं, हे साखऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सांगणाऱ्याची बैलगाडी त्या हुंकारावरच चालते. आणि हुंकार द्यायला शिवकन्येसारखं दुसरं कुणी गावात नव्हतं. लहानपणी बाकीची पोरं मधेच प्रश्न विचारायची, ही नुसती हं म्हणायची. कुठं आश्चर्याचं, कुठं भीतीचं, कुठं हसू दाबलेलं. त्या एका शब्दावर तिची जीभ कधीच अडली नव्हती.

सरांचा नियम तिनं गुंडाळून ठेवला. “हं,” ती म्हणाली.

मग गोष्ट सुटली. कोल्ह्याचं लग्न लागलं, वऱ्हाड वाजतगाजत निघालं आणि कयाधू नदी ओलांडून अल्याड आलं. नवरीच्या पायात काटा मोडला म्हणून ती पल्याडच राहिली. नवरदेवासकट कुणी मागं वळून पाहीना. शेवटी नवरीनं हाक मारली, ‘थांबा!’ आणि पुढं बरंच काही.

घरी येऊन शिवकन्येनं कानाला वायर लावून सगळं ऐकलं. म्हातारीच्या आवाजाच्या जोडीनं तिचा आवाज चालला होता, कुठंही न ठेचकाळता. आपला आवाज बरा आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“आ-आई, रे-रेडिओवर मा—”

“माजा आवाज येनार,” पद्माबाईनं पुरं केलं. मग तिला अर्थ कळला आणि तिनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

शनिवारी मारुतीच्या पारावर माणसं जमली. रणजीतनं मोबाईल स्पीकरला जोडला आणि इअरफोनची वायर एरियल म्हणून खांबाला टांगली. पद्माबाई पुढं बसली होती. कोल्ह्याची गोष्ट सुरू झाली आणि धावतच सुटली. कोल्हा, वऱ्हाड, नदी, काटा, कुठं उसंत म्हणून नाही. एकही हं नव्हता. अनिरुद्धनं नांदेडला बसून ते सगळे कापले होते, अगदी सफाईनं.

“तुजा आवाज कवा येनार?” पद्माबाईनं दोनदा विचारलं. कार्यक्रम संपला तशी ती पदर सावरून उठली.

शिवकन्येला रडू आलं नाही, लाज वाटली. न मागता मिळालेली गोष्ट चारचौघांत काढून घेतल्यावर वाटते तशी. ती खाली मान घालून वायर गुंडाळत राहिली.

बोलली ती द्वारकाबाई, स्पीकरमधल्या स्वतःच्याच आवाजाबद्दल. “ही बाई कुनाला सांगून राहिली? समोर कुनीच न्हाई हिच्या? भिंतीशी बोलती का येड्यावानी?”

पुढच्या खेपेला अनिरुद्ध आला तेव्हा म्हातारीनं त्याला ओट्यावर बोलावून घेतलं आणि झाडाझडती घेतली. त्यानं समजावून पाहिलं. मधेमधे दुसऱ्याचा आवाज आला की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, वगैरे. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही, त्याला शिकवलं होतं तसंच त्यानं केलं. मूळ आवाज तरी आहे का, असं रणजीतनं विचारलं. नव्हता. नव्या रेकॉर्डिंगसाठी कार्ड पुसून झालं होतं.

“मंग पुन्हा घे,” द्वारकाबाई म्हणाली. “दिवे लागल्यावर. आन् तूबी थांब, गाडी सकाळी धर.”

दिवे लागले. अनिरुद्ध ओट्याच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. शिवकन्येनं रेकॉर्डर सुरू केला आणि हं म्हणायच्या तयारीत बसली.

“आज माजा घसा धरलाय,” म्हातारी म्हणाली. “तू सांग. हं मी म्हनते.”

तिचा घसा कसला धरतोय! शेळीवर ओरडून त्याच सकाळी तिनं अर्धं गाव जागं केलं होतं. शिवकन्येच्या तोंडचं पाणी पळालं. उठून जावं असं तिला मनापासून वाटलं. पण रेकॉर्डरचा लाल दिवा लागलेला होता आणि गोष्ट तर तिला तोंडपाठ होती.

“ए… ए…”

“हं,” द्वारकाबाई म्हणाली. घाई नाही, कीव नाही. सगळी संध्याकाळ आपलीच असल्यासारखी ती पुढच्या शब्दाची वाट पाहत बसली.

“एक व्हता क… कोल्हा.”

“हं.”

अडखळणं काही पळालं नाही. कोल्ह्यावर अडलं, वऱ्हाडावर अडलं, नवरीपाशी तर पार रुतून बसलं. प्रत्येक वेळी म्हातारी हं म्हणायची. तो हं शब्द पुढं ओढत नव्हता की पुरा करत नव्हता, नुसता दार उघडं धरून उभा होता. गोष्ट दुप्पट लांबली, पण शेवटापर्यंत गेली. शिवकन्येचा झंपर घामानं भिजला होता आणि आतून तिला भलतंच हलकं वाटत होतं.

अनिरुद्धनं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं. मग हळूच म्हणाला, “अडलेलं तेवढं कापून देऊ का? साफ होईल. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

मोह झाला. का होऊ नये? रेडिओवर सलग, गुळगुळीत बोलणारी शिवकन्या तिला डोळ्यांपुढं दिसली. मग ती बाई कुणाशी बोलते आहे, असा प्रश्न तिला पडला.

“न… न…”

अनिरुद्धनं तोंड उघडलं, पण बोलला नाही. थांबला.

“नको,” ती म्हणाली. “र-राहू द्या.”

शनिवारी पारावर पुन्हा माणसं जमली, मागच्यापेक्षा कमीच. पद्माबाई या वेळी मागं बसली होती. पुन्हा फजिती नको म्हणून असेल. रणजीतनं रेडिओवर नाव पुकारलं, “आजची गोष्ट सांगते शिवकन्या,” तशी पद्माबाई सरसावली.

कोल्ह्याचं लग्न लागलं. शब्द अडायचा, म्हातारीचा हं यायचा, शब्द सुटायचा. एक पोरगं फिसकन हसलं. कुणीतरी त्याला टपली मारली. मग त्या चालीची कानांना सवय झाली आणि वऱ्हाड नदी ओलांडून अल्याड आलं. नवरीच्या पायात काटा मोडला. कुणी मागं वळून पाहीना.

“मंग नवरीनं हाक मारली,” स्पीकरमधून शिवकन्येचा आवाज आला. “थ… थ…”

म्हातारीचा हं येऊन गेला. शब्द येता येईना. शिवकन्येनं आईकडं पाहिलं. पद्माबाईचं तोंड सवयीनं उघडलं होतं. शब्द तिला माहीत होता, जिभेवर आलेला होता. तिनं तो गिळला.

“हं,” पद्माबाई स्पीकरला म्हणाली.

“थांबा!” नवरी ओरडली, आणि कयाधूच्या काठावर सगळं वऱ्हाड थांबलं.