डोक्यावर उभा राहिलेला चिखल

मी एक जुना चिखल आहे. हसू नका मित्रांनो; हजारो वर्षे समुद्राच्या तळाशी पडून राहायला तुम्हाला तरी जमले असते का?

माझा जन्म मरणातून झाला. डोळ्यांना न दिसणारी शैवाले वर पाण्यात मरत आणि माझ्यावर येऊन पडत. त्यांच्या अंगात एक चरबी असते. गार पाण्यात एका तऱ्हेची, कोमट पाण्यात दुसऱ्या तऱ्हेची. ती टिकते. त्यामुळे माझा कुठलाही थर तपासा, त्या काळी समुद्र किती तापला होता ते कळते. थोडक्यात, मी मेलेल्यांचा तापमापक आहे.

एके दिवशी संशोधकांच्या बोटीवरून आलेली नळी माझ्यात घुसली आणि मी उभाच्या उभा उपटला गेलो. बोटीवरच्या सरांनी नळीवर बाण काढला: ही बाजू वर. ती खालची होती. मला पाय नाहीत, पण डोक्यावर उभे राहणे म्हणजे काय ते तेव्हा कळले.

प्रयोगशाळेत मला लांबीने चिरले. सरांची विद्यार्थिनी, जिला सगळे ताई म्हणत, तिने ऐन उमेदीची वर्षे मला खरवडून चरबी काढण्यात घालवली. घरी तिचे वडील तिला आत्ताच डॉक्टर म्हणू लागले होते. शेजारच्या काकू गुडघाही दाखवून गेल्या. थरांचे वय आधी तपासू, असे ताई म्हणाली. सर म्हणाले, आधी छापू. छापले. समुद्र थंड होत चालला आहे, या शोधाबद्दल सरांना पदक मिळाले. माझा फोटो भिंतीवर लागला, तोही उलटा.

मग वयाचा अहवाल आला. तळाचा चिखल कालपरवाचा, वरचा आदिमकाळातला.

“सर, बाण तुम्हीच काढला होता,” ताई म्हणाली.

“मला बोट लागली होती, मी ओकत होतो. अशा माणसाच्या बाणावर तू विश्वास ठेवलासच कसा?”

चुकीचे खापर ताईवर फुटले आणि तिची पदवी हातची गेली. सरांनी तोच आलेख फिरवला, तिचे नाव काढले आणि पुन्हा छापला. समुद्र तापतो आहे, या शोधाबद्दल दुसरे पदक मिळाले. पहिले परत मागायचे कोणाला सुचले नाही.

मला कुंड्यांत भरले. मी खारट, माझ्यात लावलेले सगळे मरते आणि बोलणी माळीकाका खातात.

जुन्या वस्तू जपा, असे शेवटी सांगायची पद्धत असते. मला जपू नका. पण मी कुंड्यांत जाण्याआधी ताई सामान न्यायला आली, त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळे हजर होते. सगळ्यांना खरे ठाऊक होते. सगळे मान खाली घालून आधीच स्वच्छ असलेल्या काचा पुसत होते. मित्रांनो, त्या खोलीत तोंड नसलेला मी एकटाच होतो. तुम्हाला तोंड आहे. ते वापरात ठेवा.