पाण्याच्या तोंडावरची माती

"ज्यानं पानी चालू शे, त्याले वाफा भरेल दखात नही, पोरी," तानुअक्का म्हणाल्या होत्या, आणि प्रमिला हसली होती.

ते बावन्न साल. नवरा मगन नुकताच आमदार झाला होता, ओसरी गुलालानं माखली होती, आणि जळगावच्या कॉलेजातून राज्यशास्त्र शिकून आलेली ही नवी सून नवऱ्याच्या म्हाताऱ्या आत्याला समजावत होती, "अक्का, मुदत पाच वर्षांची असते. पाच वर्षं भरली की विधानसभा आपोआप संपते. कोणाला काही करावं लागत नाही."

"आपसूक काहीच बंद व्हत नही, बाई. पानीना तोंडवर मातीच टाकनी पडस."

म्हातारीचं बोलणं! प्रमिलानं ते पदराला बांधून ठेवलं नाही.

साक्रीकडच्या त्या गावात पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि शेताशेतातून पाळीपाळीनं फिरतो. ज्याची पाळी संपली त्यानं आपल्या शेताचं तोंड आपल्याच हातानं मातीनं बुजवायचं. घरधनी परगावी असला तर घरच्या बाईनं. पुढच्या पाळीवाल्यानं खांद्यावर फावडं घेऊन बांधावर उभं राहायचं, पण "बंद कर" म्हणायचं नाही. ते म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

आमदारकीसुद्धा गावानं त्याच बंधाऱ्यावर वाटली होती. पहिली पाळी मगनची, पुढची पुनाची. पुनाचं शेत मगनच्या शेताला लागून, खालच्या अंगाला. मगननं मूठभर ओली माती हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "माझी पाच वर्षं भरली की तोंड मीच बुजवीन."

पाच वर्षं कशी गेली? पाटातल्या पानासारखी. दिसलं दिसलं म्हणेपर्यंत वळणाआड. मगन मुंबईला जायचा, यायचा, पुन्हा जायचा. छप्पन्न साली मुंबई राज्य मोठं झालं, विधानसभेत नव्या माणसांची भर पडली, मगनचे मुक्काम लांबले. मुलगी कुंदा झाली, साडेतीन वर्षांची झाली. वडील घरी आले की ती फुलपात्र घेऊन दारात उभी राहायची, "पाव्हणे, पाणी घ्या." मागच्या खेपेला मगन हसला होता खरा, पण ते फुलपात्र बराच वेळ त्याच्या हातात तसंच राहिलं होतं.

आणि आता पौषात धुळ्याहून लीलाधर जीप घेऊन आला. पक्षाचा माणूस, बोलायला लोण्यासारखा.

"वहिनी, तोंड गोड करा. भाऊ पुन्हा उभे राहताहेत."

प्रमिलाच्या हातातलं सूप थांबलं. "ते म्हणाले तसं?"

"नाही म्हणाले नाहीत. आम्ही विचारलं, तर खिडकीबाहेर बघत बसले. अहो, मुंबईत कोणतं दार कुठं उघडतं हे कळायलाच पाच वर्षं लागतात. आता कुठं भाऊ कामाचे झालेत, अन् आता घरी बसवायचे?"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. तेच प्रमिलाला बोचलं.

"आणि पुनाभाऊ?"

"तो एका शब्दानं बोलला नाही. अख्खं गाव गप्प आहे. गप्प म्हणजे राजीच की! उद्या सकाळी भाऊ धुळ्यात उतरतील. अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस. अन् कायद्यात कुठं लिहिलंय, दुसऱ्यांदा उभं राहू नये म्हणून?"

लिहिलेलं नव्हतं. प्रमिलाला पुस्तकातलं ते पान डोळ्यांपुढे दिसलं. मुदत किती ते होतं, खेपा किती ते नव्हतं. ती रिकामी जागा तिनं शिकताना पाहिलीच नव्हती.

"मंग खुटा ठोकीसन तठेच बसा म्हना," आतून तानुअक्कांचा आवाज आला. लीलाधर हसत हसत जीपमध्ये बसला.

दुपारी कुंदाला थोपटता थोपटता प्रमिलाचा डोळा लागला. पाणी उंबरठ्यावरून घरात येत होतं, निळसर, आवाज न करता. चूल बुडाली, पाळणा होडीसारखा डुलायला लागला. खिडकीपलीकडे गाव उभं होतं, सगळ्यांच्या खांद्यावर फावडी, सगळ्यांची तोंडं मिटलेली. मगन पाण्यात गुडघाभर उभा होता आणि आनंदानं म्हणत होता, "बघ, कोणीच काही म्हणत नाही." पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं, तरी तो तेच म्हणत होता.

ती दचकून उठली. कुंदाच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. मग लेकीला कडेवर घेऊन ती थेट शेतात गेली.

उन्हं कलली होती. गव्हावर सोनेरी धूसर काहीतरी तरंगत होतं, धूर म्हणावा तर वास नव्हता. गहू भिजून झाला होता, शेवटच्या वाफ्यातून पाणी बांधावर चढत होतं. घरधनी मुंबईला, सालदार गडी साक्रीच्या बाजारात. आणि पलीकडच्या बांधावर पुना उभा होता, खांद्यावर फावडं, नजर भलतीकडेच.

हाच तो गप्पपणा! लीलाधर ज्याला होकार समजला, आणि दूर मुंबईत राहून मगनही कदाचित समजायला लागला होता. गाव राजी नव्हतं. गाव बांधावर उभं राहून वाट बघत होतं.

प्रमिलानं कुंदाला बांधावर बसवलं, कासोटा खोचला आणि दोन्ही हातांनी चिखल उपसून पाण्याच्या तोंडावर टाकला. पाणी बोटांमधून निसटलं. तिनं पुन्हा टाकला. कुंदानंही एक चिमूट टाकली. पाणी अडलं, जरा विचारात पडल्यासारखं थांबलं, आणि पुनाच्या शेताकडे वळलं.

"वहिनी," पुना म्हणाला, "हाई पानीनी पाळी बुजी का ती दुसरी?"

"दोन्ही, पुनाभाऊ."

त्यानं खांद्यावरचं फावडं उतरवून आपल्या वाफ्याचं तोंड मोकळं केलं. "पानी मी लेस. पन त्या पाळीनी माती मगनभाऊना हातनीच पायजे. तो उद्या येई ना?"

"तुम्ही विचारा ना त्यांना!"

"मी कसा इचारू, वहिनी?" पुना कसनुसा हसला. "मी तं पुढला पाळीवाला."

घरी येताना कुंदानं विचारलं, "उद्या पाव्हणे येतील?" प्रमिलानं हात धुतले नव्हते. नखांतला चिखल वाळत होता, आणि मगन रागावेल की काय, ही भीतीही त्या मातीसारखीच हळूहळू घट्ट होत होती. तरी तो चिखल तिला धुववेना.

तेव्हा तुम्ही उद्या सकाळी धुळ्याला असाल, तर तिच्यासाठी एवढं करा. चाळीसगावची गाडी आली की स्टेशनाबाहेर या. एका बाजूला लीलाधरची जीप उभी असेल, दुसऱ्या बाजूला साक्रीची एस.टी. उंच, किंचित वाकून चालणारा, खिडकीबाहेर बघायची सवय असलेला माणूस कशात चढतो ते बघा. तो मधेच घुटमळला, तर जवळ जाऊन विचारा, "मगनभाऊ, पाळी कोणाची?" गावातलं कोणी त्याला हे विचारणार नाही. तुम्हाला चालेल. तुम्ही त्या पाटावरचे नाही.