भागीचं विमान

भागीचं घोडं किवणानं मरतं, असं जुनी माणसं सांगून गेली. साऱ्यांचं म्हणून ते कोणाचंच नसतं, अन् शेवटी जखमेत किडे पडतात. मोहगावचा प्रफुल्ल अन् रामाकोन्याचा स्वप्निल यांचं विमान मात्र हयगयीनं नाही पडलं. ते मायेनं पडलं, बाप्पा. माया जास्त झाली, अन् ती नेमकी पंखाखालच्या नळीत जाऊन बसली.

विमान म्हणजे काही दिल्लीला जाणारं मोठं धूड नव्हे. दोन माणसांचं, एका पंख्याचं, रंग उडालेलं. त्यात बारा आणे प्रफुल्लचे, चार आणे स्वप्निलचे. प्रफुल्लच्या घरी संत्र्याचे बगीचे, बाप पुंडलिकराव पांढुर्ण्याच्या मंडीत वजनदार माणूस. पोराला उडायचा शौक, म्हणून घेऊन दिलं. स्वप्निलचे चार आणे म्हणजे त्याच्या बापाचा, उत्तमचा, रेल्वेतल्या नोकरीचा सगळा फंड. हौसेनं उडण्यापुरतं लायसन दोघांपाशीही होतं. पण पोटाला लावणारं लायसन पाहिजे तर उडायचे तास भरावे लागतात, अन् क्लबाच्या विमानाचं भाडं भरता भरता माणूस विकला जातो. भागीत तास स्वस्त पडत. स्वप्निलचे आता थोडेच उरले होते. नागपूरच्या एका उड्डाणशाळेनं त्याला सांगून ठेवलं होतं, लायसन आण अन् शिकवायला ये. बस, तोवर नाव स्वच्छ राहायला पाहिजे होतं.

सौसरच्या वाटेवर एका बंद पडलेल्या मिलची विमान उतरवायची पट्टी होती. तिथल्या टिनाच्या शेडमध्ये विमान उभं राहायचं. विहिरीच्या पाण्याची असते तशी त्याची पाळी ठरलेली होती, अन् दोन वर्षांत पाळीवरून दोघांचं एकदाही वाजलं नाही. भाऊ-भाऊ विहिरीवर डोकी फोडतात, हे दोघं दोस्त होते म्हणून निभलं असेल.

प्रफुल्लची माय प्रेमलताबाई. त्या घरात स्वप्निलला कोणी मनापासून जीव लावला असेल तर या बाईनं. "बापू" म्हणायची. पोळ्याला पुरणपोळी खायला त्याला बोलावणं ठरलेलं. अन् बाईच्या मतानं पोळा जसा बैलाचा, तसा ट्रॅक्टरचा, तसाच विमानाचाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले की ती पट्टीवर येऊन विमानाच्या नाकालाही हळद-लोणी लावायची अन् बैलांना सांगतात तसंच सांगायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." लोक हसायचे. स्वप्निलला मात्र ते आवडायचं.

त्या वर्षी पोळ्याच्या सकाळी स्वप्निलनं नेमाप्रमाणे विमानाभोवती चक्कर मारली. चाकं पाहिली, तेल पाहिलं, डाव्या पंखाखालची नळी पाहिली. बोटाएवढी नळी असते ती. धावताना तिच्यात वारा शिरतो अन् आत वेगाचा काटा हलतो. काटा नसला तर विमान उचलायचं कधी, ते अंदाजानं ठरवावं लागतं. नळी साफ होती. मग मोहगावहून दोन गाड्या भरून माणसं आली अन् पूजा सुरू झाली. स्वप्निलच्या घरी बाबासाहेबांनंतर पूजा-नारळ कोणी केलं नव्हतं. तो दरवेळेसारखा दूर निंबाखाली जाऊन उभा राहिला. प्रेमलताबाईनं त्याचं कधी वाईट मानलं नाही. तुह्या घरी नसते तं नको करू, पोळी तं खाशील, म्हणायची.

पूजा झाली. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं, विमानाला दुसऱ्याचा हात लागला की पुन्हा चक्कर मारायची, मग तो हात देवमाणसाचा का असेना. स्वप्निल दोन पावलं निघालाही. पण पुंडलिकराव हात जोडून उभे, आयाबाया, पोरं, सारा गोतावळा उभा. हे बौद्धाचं पोरगं पूजेनंतर लगेच पंखाखाली वाकून काय शोधून राहिलं? पूजेत खोट काढून राहिलं काय? हे कोणी बोललं नव्हतं. ते त्यानंच मनात ऐकलं, अन् तो गुपचूप उजव्या सीटवर जाऊन बसला. आता काय म्हणावं या माणसाला! लोक काय म्हणतील म्हणून पायलटनं विमान तपासू नये? पण ज्याला जन्मभर लोकांचं ऐकून घ्यावं लागलं, त्याला न बोललेलंही ऐकू येतं.

डाव्या सीटवर प्रफुल्ल. चालवणार तोच, सण त्याच्या घरचा. विमान पट्टीवर धावलं अन् वेगाचा काटा जागचा हलेना.

"काटा नाही हलून राहिला, थांबव," स्वप्निल म्हणाला.

सारं गाव पाहून राहिलं होतं. प्रफुल्लनं थांबवलं नाही, पुढं रेटलं, अन् मग भिऊन ब्रेक मारला तेव्हा पट्टी संपली होती. विमान कपाशीत घुसलं, पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. प्रफुल्लचं कपाळ फुटलं. स्वप्निलला खरचटलंही नाही.

त्यानं उतरून प्रफुल्लला आधी बाहेर काढून बसवलं अन् मग पंखाखाली वाकून पाहिलं. नळीचं तोंड लालभडक. तुपात कालवलेलं कुंकू, वर अक्षता, सगळं बोटानं आत दाबलेलं. बैलाच्या शिंगाला लावतात तसं विमानाच्या शिंगाला लावलं होतं बाईनं. पट्टीवरून माणसं धावत येत होती, सगळ्यांच्या पुढं प्रेमलताबाई, डोक्यावरचा पदर पडलेला, अनवाणी, माहा पोरगा, माहा पोरगा करत. स्वप्निलनं तिला येताना पाहिलं. आपल्याच हातानं पोरगा मरत होता हे या बाईला कळलं, तर ती जगायची नाही. त्यानं बांधावरच्या बाभळीचा काटा तोडला, कुंकू कोरून काढलं अन् नळी रुमालानं पुसून टाकली. प्रफुल्ल कपाळाला हात लावून हे पाहत बसला होता.

संध्याकाळी प्रफुल्ल रामाकोन्याला आला. त्याच्या डॉक्टरी तपासणीची मुदत सरून गेली होती, म्हणजे कायद्यानं तो उडवूच शकत नव्हता. हे कळलं तर विमा बुडणार, विमान भंगारात जाणार. तुझे कागद चोख आहेत, तू चालवत होता म्हण, असं त्याचं म्हणणं. विमान दुरुस्त झालं तर तासही भरतील, अन् दोस्ताचं काम. स्वप्निल हो म्हणाला. त्याची माय लीलाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं पोराकडं एकदा पाहिलं अन् चुलीत लाकूड सारलं.

चौकशीला दोन साहेब आले. पट्टीवरची माणसं सारी पुंडलिकरावांच्या ऐकण्यातली, त्यांनी स्वप्निलच चालवत होता असं सांगितलं. त्यांनी नळीत हवा भरली, काटा छान हलला. विमानात काही दोष नाही, चालवणाऱ्यानं विनाकारण घाबरून उशिरा ब्रेक मारले, असं त्यांनी लिहिलं. एका भल्या कामानं पुरावा गेला होता, दुसऱ्यानं नाव लागलं. स्वप्निलचं लायसन अडकवलं गेलं. नागपूरच्या शाळेनं दुसरा माणूस घेतला. विम्याचा पैसा आला, विमान दुरुस्त होऊन रंगूनही आलं.

तेव्हा कुठं स्वप्निल मोहगावला गेला. प्रफुल्लनं नळी पाहिली होती. त्यानं तेवढं खरं सांगितलं तरी बरंच सुटलं असतं. अंगणात पुंडलिकराव होते, प्रफुल्ल होता. प्रेमलताबाईनं चहा आणला, त्याच्या जवळ बसली अन् अगदी मायेनं म्हणाली, "बापू, मी तुले कधी काही म्हटलं नाही. पण त्या दिशी एक खेप हात जोडले असते तं असं नसतं झालं रे."

तिच्या आवाजात राग असता तर त्यानं गिळला असता. राग नव्हता, म्हणून गिळता आलं नाही.

"काकू, नळीत तुमचं कुंकू होतं. तुमाले दुःख नको म्हणून मीच काढलं. प्रफुल्लनं पाहिलं."

बाईनं लेकाकडं पाहिलं. प्रफुल्ल म्हणाला, "मले तं काही दिसलं नाही बुवा. माह्या डोळ्यात रक्त होतं."

बाईनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "चूक माणसाच्याच हातून होते, बापू. ते देवाच्या कुंकवावर नको ढकलू."

पुंडलिकरावांनी भागी मोडून टाकू म्हटलं अन् ती मोडली. चार आणे नागपूरच्या वैभव नावाच्या एका व्यापाऱ्याच्या पोरानं घेतले. उत्तमच्या हाती जे परत आलं ते बोलण्यासारखं नव्हतं. स्वप्निल सौसरला पंपाच्या दुकानात बसू लागला.

पुढच्या पोळ्याला तो दुकानातून निघून मुद्दाम पट्टीकडं गेला. आत जायचं तोंड नव्हतं, पण जीव राहवेना. पूजा झाली की नळी तेवढी पाहून घे, इतकंच त्या वैभवला सांगावं, मग दोन शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील, असं ठरवून तो तारेच्या कुंपणापाशी गाडी लावून थांबला. गेल्या खेपेला लोकांच्या भीतीनं गप्प बसला होता, या खेपेला नाही.

पूजा सुरू झाली होती. प्रेमलताबाईनं विमानाच्या नाकाला हळद लावली, चाकांवर अक्षता टाकल्या, पंखाच्या काठाला कुंकवाची पाच बोटं ओढली. मग ती डाव्या पंखाखाली वाकली. नळीपाशी तिचा हात थांबला. तिनं इकडंतिकडं पाहिलं, स्वच्छ पदराचं टोक नळीच्या तोंडावर धरलं अन् कुंकवाचं ताट दुसऱ्या हातानं दुरून पलीकडं नेलं. एक कण तिथं पडू दिला नाही. पदर सोडताना तिची नजर कुंपणाकडं गेली. तिनं त्याला ओळखलं. मान खाली घातली अन् पुढच्या चाकाकडं वळली.

जी कळल्यावर जगायची नाही म्हणून त्यानं आपलं नाव पुसून टाकलं होतं, तिला सारं कळलं होतं. अन् ती चांगली जगत होती. वैभवला सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. स्वप्निलनं गाडीला किक मारली अन् दुकानाकडं निघाला.